फासे टाकायचे की सोंग वठवायचे?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे आणले. आपापले पात्र व्हायचे, त्याच्यासारखे बोलायचे-वागायचे, असे तो मुलांना सांगत होता. प्रत्यक्षात मात्र बराच वेळ बेरीज-वजाबाकी आणि मारामारीतच गेला. या खेळाचे नियम सोंग वठवायला मदत करतात की आड येतात?
– एक वाचक, दोंडाईचा (जि. धुळे)

उत्तर : आपण जे पाहिले, त्यावर या खेळाचे मुरलेले खेळाडूही वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. चार-पाच भिडू बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते : कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो, उरलेले आपले पात्र काय करते ते सांगतात. होईल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा.

आता मारामारी एवढी का, ते पाहू. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. गायगॅक्स आधीपासून छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढाया खेळणाऱ्यांपैकी होते. 1971 साली त्यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत मध्ययुगीन लढायांच्या खेळाची नियमावली काढली होती आणि नवा खेळ तिच्याच अंगाने वाढला. म्हणजे लढाईचे नियम आधीचे, पात्र होऊन बोलणे नंतरचे. याहून साधे कारण असे की, घरात बसून तलवार चालवता येत नाही, म्हणून वार लागला की हुकला हे ठरवायला नियम लागतात. बोलणे मात्र बसल्या जागी खरेखुरे करता येते, त्याला नियम कमी लागतात. त्यामुळे पुस्तकात लढाईची पाने जास्त आहेत, एवढ्यावरून खेळाचा हेतू लढाईच आहे असे म्हणता येत नाही.

पण म्हणून नियमांचा आणि सोंगाचा संबंधच नाही, असेही नाही. माणूस ज्याचे गुण मिळतात तेच करतो. सुरुवातीच्या नियमांत राक्षस मारल्याचे गुण मिळत, पण आणलेल्या खजिन्याचे त्याहून बरेच जास्त मिळत : सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. याचा परिणाम कागदावर दिसत नाही, खेळताना दिसतो. जीव धोक्यात घालून लढण्यापेक्षा राक्षसाला गंडवणे, त्याच्याशी सौदा करणे किंवा तो झोपेपर्यंत थांबणे फायद्याचे ठरे. त्यासाठी बोलावे लागे, युक्ती लढवावी लागे, थोडक्यात सोंग करावे लागे. 'अभिनय करा' असे कुठे लिहिलेले नव्हते, तरी अभिनय घडत होता. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत खजिन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि पुढे गुणांचा भर शत्रूला हरवण्याकडे गेला. मग भिडूही मारामारीकडे वळले, यात त्यांचा दोष नाही.

अभिनयालाच थेट गुण देण्याचे प्रयत्नही झाले. 1979 च्या सूत्रधाराच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी सांगितले की, सूत्रधाराने प्रत्येक भिडूच्या वठवण्याला श्रेणी द्यावी. श्रेणी वाईट असेल, तर वरच्या पायरीवर जायला पात्राला जास्त आठवडे शिकावे लागे आणि खर्चही वाढे. माझ्या मते ही वाट चुकीची होती. परीक्षा आली की माणूस बेताचे, अपेक्षित तेवढेच करतो. चोराचे पात्र असेल तर ऊठसूट चोरी आणि पुजाऱ्याचे असेल तर ऊठसूट उपदेश, असे साचे तयार होतात. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतला उपाय सौम्य आहे : स्वभावाला धरून वागलेल्या भिडूला सूत्रधार बक्षीस देतो आणि एखाद्या वेळी दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा घेता येतो. कल्पना चांगली आहे, पण बक्षीस द्यायचे लक्षात ठेवणे सूत्रधारावर असते आणि खेळाच्या भरात ते सहज विसरले जाते.

सर्वांत नाजूक जागा आहे ती जिथे बोलण्याचाच निकाल फाशावर लागतो. आपल्याच जिल्ह्यातला प्रसंग घेऊ. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यापुढे 1818 च्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉप यांची इंग्रज फौज उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम बाहेर येऊन त्यांच्या ताब्यात गेला होता. पण आतल्या दरवाजाशी शिबंदी आणि इंग्रज अधिकारी यांच्यात बिनसले, झटापटीत अधिकारी मारले गेले, मग शिबंदीची कत्तल झाली आणि हिस्लॉप यांनी किल्लेदाराला फासावर चढवले. समजा, आपली मुले हाच प्रसंग खेळत आहेत आणि एका मुलीकडे दरवाजावरच्या जमादाराचे पात्र आहे. समोरचा भिडू नुसता म्हणाला, 'मी त्याचे मन वळवतो,' फासा टाकला, सतरा पडले, दार उघडले. दोनशे वर्षे लोकांच्या मनात घोळलेला प्रसंग एका आकड्यात संपला. इथे नियम सोंगाला मारतो.

पण तोच नियम क्रम बदलून वापरून पाहा. आधी भिडूने बोलायचे : कोणते अभय देतोस, पगाराची थकबाकी कोण फेडणार, किल्लेदार जिवंत आहे याची खूण काय? जमादाराने उत्तर द्यायचे. बोलणे पटण्यासारखे असेल तर सूत्रधाराने लागणारा आकडा कमी करायचा आणि मगच फासा टाकायचा. नियमाचा एक शब्दही न बदलता तो आता बोलायला भाग पाडतो.

काही खेळ याहून पुढे जातात. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 1985 च्या 'पेंड्रॅगन'मध्ये पात्राच्या स्वभावालाच आकडे आहेत. दयाळू आणि क्रूर, सावध आणि उतावळा अशा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. पात्र द्विधा झाले की फासा सांगतो, आत्ता कोणता स्वभाव वर आला. आपल्या जमादाराचा सावधपणा बारा आणि उतावळेपणा आठ असेल, तर त्या दरवाजात काय होईल हे मुलीलाही आधी माहीत नसते. फाशाने आपल्या पात्राचा ताबा घेतला, अशी तक्रार काहीजण करतात. मला हा नियम उपकारक वाटतो. आपल्या मनाविरुद्ध वागलेले पात्र सांभाळून घेताना भिडूला त्याचा खरा विचार करावा लागतो.

नियम काढूनच टाकले तर सोंग आपोआप खुलेल, हा समजही काढून टाकावा. आपल्याकडचा तमाशा आठवा. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम पक्का. वगाच्या कथेचा सांगाडाही ठरलेला. लिहिलेले संवाद मात्र जुन्या वगात नसत, नट ते जागेवर रचत. पुढे काय यायचे आहे हे पक्के असल्यामुळेच सोंगाड्याला मधल्या जागेत मनसोक्त खेळता येत असे. काय ठरलेले आणि काय मोकळे, याची वाटणी जिथे नीट झाली आहे तिथे नियम आणि अभिनय भांडत नाहीत.

लाजाळू मुलांचाही विचार करायला हवा. घरात कोणी बोलायला बुजणारे असेल आणि त्याला वाक्पटू दूताचे पात्र हवे असेल, तर फासा त्याचा आधार आहे. त्याने भाषण करायलाच हवे असे नाही. 'मी त्याला त्याच्या मुलाबाळांची आठवण करून देतो,' एवढे सांगितले तरी पुरे.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : हे नियम अभिनयाच्या आड येत नाहीत, पण तो आपणहून मागतही नाहीत. मागायचे काम सूत्रधाराचे, म्हणजे आपल्या भाच्याचे आहे. पुढच्या सुट्टीत त्याला शत्रू मारल्याइतकेच गुण शत्रूला बोलून वळवल्याबद्दल द्यायला सांगा, फाशाआधी दोन वाक्ये बोलायची अट घालायला सांगा. आणि जमादाराला खुशाल अहिराणीत बोलू द्या.