पाचवीचे वर्ष

जून लागला. शाळेची घंटा वाजू लागली. गावातली दहा-अकरा वर्षांची पोरे पाचवीत जाऊन बसली. कितीएक गावांत प्राथमिक शाळेचे हे शेवटचे वर्ष. (काही गावांत शाळा चौथीपर्यंतच असते. तिथे हीच गोष्ट एक वर्ष आधी येते.) पुढच्या जूनला सहावी. आणि सहावीची शाळा गावात नाही. ती शेजारच्या गावात.

आम्ही रात्रीच्या वर्गाला गावोगाव जातो. एका वर्गात एक भाऊ म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पण पाचवी झाली की बास. रोज येवढ्या लांब कोण धाडणार?"

आम्ही विचारले, "हे ठरवलंत कधी?"

"ठरवायचं काय त्यात? तसंच चालत आलंय."

खरी अडचण इथेच आहे. मुलीची शाळा कोणी मुद्दाम बंद करीत नाही. सुगीला ती चार दिवस घरी राहते. धाकट्याला सांभाळायला आठ दिवस राहते. मग जून येतो आणि पुढच्या शाळेत नाव घालायचे राहून जाते. म्हणून सहावीचा विचार पाचवी लागतानाच करावा.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत सरकारी शाळेत फी नाही. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. दुपारचे जेवण आठवीपर्यंत मिळते. खेड्यातल्या मुलींना शाळेत जाण्यायेण्यासाठी एस.टी.चा पास फुकट मिळतो. त्याची चौकशी नव्या शाळेत करावी.

दुसरी गोष्ट परीक्षेची. मध्यंतरी आठवीपर्यंत कोणाला नापास करीत नसत. २०२३ साली महाराष्ट्रात नियम बदलला. पाचवीत मूल नापास झाले तर त्याची पुन्हा परीक्षा घेतात. तीही सुटली नाही तर ते पाचवीतच राहते. तेव्हा सुगीचे ते चार दिवस आता महाग पडतात.

सहावीत पुस्तकेही वाढतात. पाचवीपर्यंत परिसर अभ्यास असतो. सहावीत विज्ञान वेगळे, इतिहास वेगळा, भूगोल वेगळा. ज्याला भरभर वाचता येते त्याला हे जड जात नाही. म्हणून रोज रात्री अर्धा तास मुलीजवळ बसा. एक पान तिने मोठ्याने वाचावे, एक पान तुम्ही वाचावे. तुम्ही चुकाल. चुकू द्या, ती सांगेल. आमचा अनुभव असा, की बापाची चूक काढायला मुले फार आनंदाने वाचतात!

हिशेबही घरचाच घालावा. कांदा २४ रुपये किलो. पावणेतीन किलोचे किती? तिने तोंडी ६६ सांगितले तर गणिताची काळजी नको.

आता दाखल्याचे. गावची शाळा सोडताना शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. त्यावरचे नाव आणि जन्मतारीख पुढे दहावीपर्यंत तशीच जाते. आपल्यातल्या पुष्कळांचा जन्म कागदावर १ जूनचा आहे. तेवढे सगळे काही १ जूनला जन्मले नाहीत! नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे. शाळा जूनमध्ये उघडे. मग मास्तर अंदाजाने १ जून लिहून टाकत. कोणी एक वर्षाने मोठा झाला, कोणी दोन वर्षांनी लहान.

मुलीचे तसे होऊ देऊ नका. ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला घ्या. तो घेऊन शाळेत जा आणि रजिस्टरातली नोंद स्वतः वाचा. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच अर्ज करा. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते. आणि दाखला मिळायला उशीर झाला, तरी तेवढ्यासाठी नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मुलीला घेऊन नव्या शाळेपर्यंत चालून या. ओढा कुठे लागतो, पावसाळ्यात तो कसा भरतो, एस.टी. किती वाजता येते, बरोबर आणखी कोणाच्या मुली आहेत, हे सगळे पायी गेल्यावरच कळते. शाळेत मुलींसाठी वेगळे संडास आहे का, तेही पाहावे.

ते भाऊ पुढच्या आठवड्यात शाळेत गेले. हेडमास्तरांनी रजिस्टर पुढे ठेवले. भाऊंनी बोट धरून ओळ वाचली. मुलीचे नाव बरोबर होते, तारीख बरोबर होती. पण बापाच्या नावातला एक काना गळाला होता. तो त्यांचा त्यांनाच दिसला. अर्ज त्यांनी तिथेच बसून लिहिला. पाच ओळींना अर्धा तास लागला. मुलगी दारात उभी राहून बघत होती.