‘तेव्हा’ आला की ‘विल’ गाळा

कॅम्पस इंटरव्ह्यूत हमखास ऐकू येणारं वाक्य : ‘व्हेन आय विल गेट माय डिग्री, आय विल जॉइन.’ चूक कुठे? मराठीत आपण ‘डिग्री मिळेल तेव्हा जॉइन होईन’ म्हणतो, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत मात्र व्हेन, इफ, अनटिल यांच्यापुढे साधा वर्तमानकाळ आणि ‘विल’ फक्त मुख्य वाक्यात : ‘व्हेन आय गेट माय डिग्री, आय विल जॉइन.’

मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर कसं? कारण इथे व्हेन म्हणजे ‘केव्हा’, ‘तेव्हा’ नव्हे.

‘अनलेस’ला जपा, त्यात ‘नाही’ आधीच आहे. ‘अनलेस यू डोन्ट पे द मेस बिल, यू कान्ट ईट’ म्हणजे बिल भरलंत तर उपाशी!