प्रेमकादंबरी संपादकापुढे कशी मांडायची: पिच, सारांश आणि करार



आपल्या चॅनेलवर बहुतेक वेळा भांडी, कपडे, फरसाण असा माल कसा विकायचा ते आपण बघतो. या वेळचा माल वेगळा आहे: लिहून पूर्ण झालेली प्रेमकादंबरी. व्हिडिओत पिचचा भाग झाला, पण सारांश आणि करार याला वेळ पुरला नाही. म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी एजंटचा विषय संपवू. इंग्रजी यूट्यूबवर सगळे सांगतात, आधी लिटररी एजंट शोधा. तुम्ही इंग्रजीत लिहीत असाल तर बरोबर आहे. दिल्लीची रायटर्स साइड, जयपूरची सियाही अशा एजन्सी आपल्याकडे आहेत. एजंट पुस्तक प्रकाशकाला विकतो आणि लेखकाच्या कमाईतून टक्केवारी घेतो. म्हणजे पुस्तक विकलं गेलं तरच त्याला पैसे. जो एजंट आधीच ‘वाचनाची फी’ मागतो, त्याला नमस्कार करून निघायचं. मराठीत मात्र हा मधला दलाल जवळजवळ नाहीच. मौज असो, पुण्याचं राजहंस किंवा मेहता असो, छत्रपती संभाजीनगरचं साकेत असो, लेखक थेट प्रकाशकाशी किंवा संपादकाशी बोलतो. त्यामुळे मराठी लेखकाला स्वतःचा सेल्समन स्वतःच व्हावं लागतं. आता सेल्समन होणं आपल्याला नवीन नाही.

दुकानात नवीन कंपनीचा माणूस सॅम्पलची बॅग घेऊन येतो तेव्हा दुकानदाराच्या डोक्यात तीनच प्रश्न असतात. माल काय आहे? माझ्याकडचं कुठलं गिऱ्हाईक तो घेईल? आणि माझे किती पैसे अडकणार? संपादकाच्या डोक्यात हेच असतं, फक्त तो जरा सभ्य भाषेत विचारतो. हजार प्रतींची आवृत्ती काढायची म्हणजे कागद, छपाई, बाइंडिंग, मुखपृष्ठ, विक्रेत्यांची सवलत आणि गोडाऊनची जागा, हे सगळं त्याच्या खिशातून. तुमच्या कादंबरीत भावना किती खऱ्या आहेत हे तो नंतर बघणार. पहिल्या मेलमध्ये त्याला या तीन प्रश्नांची उत्तरं हवीत.

आता पिच. बहुतेक मेल अशा येतात: ‘ही एक आगळीवेगळी प्रेमकथा असून ती वाचकाला अंतर्मुख करेल. आजच्या तरुणाईचं भावविश्व यात आहे.’ यात एकही माहिती नाही. नायिका कोण, ती कुठे राहते, तिला काय हवंय, काही कळत नाही. हेच वाक्य दुसऱ्या हजार कादंबऱ्यांना चिकटवता येईल, म्हणून ते फुकट गेलं.

एक उदाहरण मी बनवलंय, आपल्याच गावातलं. ‘भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी पॉलिश करणारा वडिलांचा गाळा बत्तीस वर्षांची मीनल एकटी चालवते. कर्ज थकलंय आणि सहा महिन्यांत गाळा लिलावात जाऊ शकतो. सकाळच्या चर्चगेट लोकलमुळे तिची ओळख झालेला, उत्तनच्या कोळी कुटुंबातला ऑल्विन तिला आवडायला लागतो. तो त्याच बँकेच्या वसुली विभागात आहे, आणि मीनलची फाइल त्याच्या टेबलावर येते.’ चार वाक्यं झाली. माणसं कळली, जागा कळली, अडचण कळली. आणि मुख्य गोष्ट, अडचण प्रेमातूनच येते. प्रेमकादंबरीच्या पिचमध्ये हे तपासायचंच: तुमच्या गोष्टीतून प्रेम काढून टाकलं तरी कथा उभी राहते का? राहत असेल तर ती कौटुंबिक किंवा सामाजिक कादंबरी आहे. वाईट काही नाही, पण मग तसं सांगा. डब्यावर एक लेबल आणि आत दुसराच माल, हे गिऱ्हाईक एकदाच सहन करतं.

लेबलवरून आठवलं. इंग्रजीत ‘रोमान्स’ हे काटेकोर लेबल आहे. मिल्स अँड बून ही कंपनी १९०८ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली आणि पुढे तिने याच एका मालावर दुकान उभं केलं: प्रेम केंद्रस्थानी, शेवट आशादायक. २००८ मध्ये त्यांनी भारतात कामकाज सुरू केलं, कथास्पर्धेतून मिलन व्होरा या भारतीय लेखिकेला निवडलं आणि २०१० मध्ये तिचं पुस्तक आलं. तिथे शेवटी दोघं वेगळे झाले तर माल परत. आपल्याकडे ‘प्रेमकथा’ या शब्दात ताटातूट, मृत्यू, त्याग सगळं बसतं. त्यामुळे मराठी संपादकाला शेवट काय आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणूनच सारांशात शेवट लपवायचा नाही. ‘पुढे काय होतं हे वाचूनच कळेल’ हे वाक्य पुस्तकाच्या मागच्या कव्हरसाठी ठीक आहे, संपादकासाठी नाही. दुकानदाराला तुम्ही ‘आत काय आहे ते उघडल्यावर बघा’ म्हणता का? एक ते दोन पानं, वर्तमानकाळात, सुरुवात ते शेवट. कोण कोणाला का आवडतं, कशामुळे तुटतं, कोण काय सोडून परत येतं. मीनल–ऑल्विनच्या सारांशात मला हे दिसायला हवं की तो फाइल दाबून ठेवतो की सही करतो, आणि तिला ते कधी कळतं. उपकथानकं गाळा. मैत्रिणीचं लग्न, आत्याचं आजारपण, हे सारांशात नको.

तुलनेच्या पुस्तकांबद्दल. ‘माझी कादंबरी ययातीच्या तोडीची आहे’ असं कृपया लिहू नका. खांडेकरांची ती कादंबरी १९५९ ची, तिच्या लेखकाला ज्ञानपीठ मिळालेलं. नवीन मसालेवाल्याने स्वतःला सगळ्यात मोठ्या ब्रँडशी जोडलं तर आपण हसतोच ना. तुलना वाचकाची करायची: हे पुस्तक कोणाच्या हातात जाईल? सुहास शिरवळकर वाचून मोठी झालेली पिढी? लायब्ररीतून कादंबऱ्या नेणाऱ्या गृहिणी? लोकलमध्ये कानात हेडफोन लावून ऐकणाऱ्या मुली? एक निवडा आणि त्याच्या शेजारी गेल्या पाचेक वर्षांतली एक-दोन मराठी पुस्तकं ठेवा, जी तुम्ही खरोखर वाचली आहेत. संपादक विचारतो हो.

आणखी एक: कादंबरीचे भाग प्रतिलिपीवर आधीच टाकलेले असतील तर पहिल्याच मेलमध्ये सांगा. किती भाग, किती वाचले गेले, आता तिथे आहेत की काढले. आकडे चांगले असतील तर ती जमेची बाजू. लपवलं आणि नंतर कळलं तर विश्वास गेला.

नवीन नाव असेल तर मी दिवाळी अंकाचा रस्ता सुचवेन. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली, आणि आजही संपादकाच्या नजरेत यायचं ते स्वस्तातलं सॅम्पलिंग आहे. त्याच जगातल्या दोन पात्रांवर एक स्वतंत्र कथा लिहून पाठवा. दिवाळी अंकाची कथा पावसाळ्याच्या आधी पाठवायची, गणपतीत नाही.

प्रणयदृश्यांचं काय, हाही नेहमीचा प्रश्न. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. पण सात वर्षं गेली. आज काळ बदललाय, तरी प्रत्येक प्रकाशकाची स्वतःची रेषा असते. तुमची दृश्यं मोकळी असतील तर पिचमध्ये एका वाक्यात सांगा. ज्याला नको तो आधीच नाही म्हणेल, दोघांचा वेळ वाचेल.

आता पैशाचं, आणि इथे घाई महाग पडते. समजा किंमत ३०० रुपये, रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के. एका प्रतीमागे ३० रुपये, हजार प्रती संपल्या तर ३०,०००. तेच ‘निव्वळ विक्रीवर’ १० टक्के लिहिलं आणि विक्रेत्याला ४० टक्के सवलत गेली, तर १८० रुपयांवर १० टक्के, म्हणजे १८,०००. एका शब्दाचा फरक १२,००० रुपये! करारात हा शब्द बोट ठेवून वाचा.

दुसरं, हक्क. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, रॉयल्टी किती, हे लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. पण ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी’ असं छापलेलं असेल आणि तुम्ही सही केलीत, तर या सोयीचा उपयोग नाही. छापील पुस्तकाचे हक्क द्या, ऑडिओ आणि चित्रपट वेगळे ठेवा किंवा त्याची वेगळी टक्केवारी ठरवा. शिरवळकर २००३ मध्ये गेले. त्यांच्या ‘दुनियादारी’वर संजय जाधवांचा चित्रपट आला तो २०१३ मध्ये. पुस्तकाची दुसरी कमाई अशी किती तरी वर्षांनी उभी राहू शकते. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं, त्याआधी सही केलेल्या कितीतरी लेखकांनी ऑडिओचा विचारही केला नसेल.

तिसरं, ‘४०,००० भरा, आम्ही छापतो’ म्हणणारे. ही छपाईची सेवा आहे, तिला प्रकाशन समजून पैसे देऊ नका. सेवाच हवी असेल तर तीन प्रेसकडून कोटेशन घ्या आणि प्रती कुठल्या दुकानात जाणार ते लेखी मागा. आयएसबीएन मिळवून देण्याचे कोणी वेगळे पैसे लावत असेल तर लक्षात ठेवा, भारतात तो राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीला सरकारी फी ५०० रुपये.

पाठवताना पूर्ण कादंबरी तयारच हवी. मेलमध्ये पिच, दोन पानी सारांश, पहिली तीन प्रकरणं युनिकोडमध्ये, आणि एकूण शब्दसंख्या. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्या कॉम्प्युटरवर चौकोन चौकोन दिसते आणि तिथेच विषय संपतो. एका वेळी दोन-तीन प्रकाशकांना पाठवत असाल तर तसं लिहा, त्यात चोरी नाही. मग तीन महिने गप्प. त्यानंतर एकच ओळ: ‘सर, अमुक तारखेला अमुक कादंबरीचा सारांश पाठवला होता. आपला निर्णय कळवाल का? दुसरीकडे पाठवायची झाली तर आपल्याला आधी विचारावं म्हणून.’ फोन दुपारी करा, आणि पुस्तक प्रदर्शनाच्या आठवड्यात करूच नका.