वजन घटविण्याची इंजेक्शने : औषधाचा माग कसा घ्यावा?



आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलीचे लग्न ठरले. लग्नापूर्वी वजन उतरावे म्हणून तिने ओळखीच्या बाईमार्फत एक लहान कुपी आणि सिरिंज मागविली. माल थर्मोकोलच्या डब्यातून आला, पैसे मोबाईलवरून गेले, पावती मात्र मिळाली नाही. पहिल्याच सुईनंतर चार दिवस उलट्या थांबेनात. शेवटी सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा घरच्यांनी "बाहेरचे काही खाल्ले असेल" एवढेच सांगितले. सुईची गोष्ट लाजेपोटी कोणीच काढली नाही. मुलगी बरी झाली, ही समाधानाची बाब. परंतु त्या कुपीत काय होते, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. कोणते औषध घ्यावे, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु औषध कोठून आले हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे, आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे.

हे औषध आहे तरी काय?

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोहोचविते. हे नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. त्याच्याच घडणीवर बेतलेले सेमाग्लुटाईड हे औषध मात्र शरीरात निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. म्हणूनच त्याची सुई आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते.

अमेरिकेत या औषधाला ओझेम्पिक या नावाने डिसेंबर २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि वेगोव्ही या नावाने जून २०२१ मध्ये वजन घटविण्यासाठी मान्यता मिळाली. तिर्झेपटाइड हे याच जातीचे दुसरे औषध माउंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. त्यामागोमाग जून २०२५ मध्ये वेगोव्ही आले. औषध गुणकारी आहे, यात वाद नाही. सेमाग्लुटाईडच्या एका मोठ्या चाचणीत आहार-व्यायामाच्या जोडीने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले. स्थूलता हा आजार आहे, आळशीपणाची शिक्षा नव्हे. त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार घेण्यात कमीपणा कसला?

अडचण किमतीपासून सुरू होते. माउंजारो भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे महिन्याला चार कुप्यांचे १४,००० रुपये. ज्या घरात एवढाच पगार येतो, तेथे "निम्म्या किमतीत तेच औषध" हे शब्द कानाला गोड लागणारच. हा गोडवाच घातक ठरतो.

पेनमध्ये दुसरेच निघाले तर?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ओझेम्पिक समजून त्यांनी जे टोचून घेतले, त्यात इन्शुलिन असावे असा तेथील औषध यंत्रणेचा निष्कर्ष होता. रुग्णांच्या रक्तातील साखर एकाएकी घसरली होती आणि काहींना झटकेही आले होते. मेंदूचे काम रक्तातील साखरेवर चालते. ती फार खाली गेली की घाम सुटतो, हातपाय कापतात, बोलणे असंबद्ध होते, शुद्ध हरपते आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर प्राणावरही बेतते.

त्याच महिन्यात युरोपच्या औषध यंत्रणेने बनावट पेनांविषयी इशारा दिला. त्या खोक्यांवर खऱ्या मालाचे क्रमांक उचलून छापलेले होते. पुढे जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन व अमेरिका या देशांत सापडलेल्या तीन बनावट बॅचेसबाबत जगाला सावध केले. त्यांपैकी एका बॅचचा क्रमांक खरा होता, माल तेवढा खोटा होता. खोक्यावर क्रमांक आहे म्हणून आतले औषध खरे, असे धरून चालता येत नाही. युरोपातील ते खोके पकडले गेले, कारण क्रमांक यंत्रावर तपासताच ते चालू नसल्याचे दिसून आले. परस्पर विकणाऱ्याकडे अशी तपासणी करणारा मध्ये कोणीच नसतो.

एककांचा घोळ

कुपीतील द्रव्य खरे असले तरी धोका टळत नाही. विद्यार्थ्यांनी येथे थोडा हिशेब करावा. सेमाग्लुटाईडची सुरुवातीची मात्रा ०.२५ मिलिग्रॅम असते आणि ती अनेक आठवड्यांत पायरीपायरीने वाढवितात. मान्यताप्राप्त पेनमध्ये ही मात्रा ठरवून दिलेली असते. परस्पर विकली जाणारी कुपी मात्र पुष्कळदा भुकटीची असते आणि ती पाण्यात घरीच कालवावी लागते. इन्शुलिनच्या सिरिंजवर मिलिग्रॅम नसतात, युनिटे असतात. यू-१०० प्रकारच्या सिरिंजवर १०० युनिटे म्हणजे १ मिलिलिटर.

समजा, ५ मिलिग्रॅम भुकटी १ मिलिलिटर पाण्यात कालविली. मग ०.२५ मिलिग्रॅमसाठी ५ युनिटे पुरतात. पण "पॉइंट पंचवीस" ऐकून कोणी सिरिंज २५ च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे पाचपट औषध जाते. ते परत काढता येत नाही. आठवड्याने निम्मे झाले तरी अडीचपट उरतेच. हा निव्वळ कागदावरचा हिशेब नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात, औषधालयात तयार केलेल्या कुप्यांतून काही रुग्णांनी चुकून पाच ते वीसपट मात्रा घेतल्याचे नमूद आहे. आमच्या परिचयाच्या मुलीचे असेच झाले असेल काय? सांगता येत नाही, कारण तपासावयास काहीच शिल्लक नव्हते.

याशिवाय न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि ते गोठूही द्यावयाचे नसते. एप्रिल-मे महिन्यांत कुरिअरच्या गोणीत दोन दिवस पडलेल्या डब्याचे काय होत असेल, ते आपणच ताडावे. कुपी निर्जंतुक नसेल तर टोचल्या जागी गळू होते, आणि जंतू रक्तात शिरले तर प्रसंग बिकट.

मुंबईचा धडा

हा विषय आपल्याला परका नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेथे डॉक्टर होते, परिचारिका होत्या, खरेदीची कागदपत्रे होती. तरीही साखळीतील कड्या निखळल्या आणि माणसे गेली. पण कागद होते म्हणूनच चौकशी होऊ शकली, औषध कोठून आले याचा माग काढता आला. ज्या सुईला पावती नाही आणि विकणाऱ्याचा पत्ता नाही, तिच्यासाठी कोणता आयोग नेमणार?

घेण्यापूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

१. नोंदणीकृत डॉक्टरने आपल्याला तपासून चिठ्ठी दिली आहे काय? थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास, स्वादुपिंडाचा दाह, गर्भधारणा, मधुमेहाची चालू औषधे या गोष्टी विकणारा विचारत नाही, डॉक्टर विचारतात. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाईड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. लग्न ठरलेल्या मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

२. विक्रेता परवानाधारक औषध दुकानदार आहे काय? परवान्यावाचून औषध विकणे हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार गुन्हा आहे.

३. बॅच क्रमांक लिहिलेली पक्की पावती मिळते काय?

४. औषध दुकानाच्या फ्रीजमधून आपल्या हाती आले काय? वेष्टन अखंड आहे काय? उत्पादकाचे नाव, पत्ता व मुदत त्यावर स्पष्ट आहे काय?

५. "केवळ संशोधनासाठी" असे कुपीवर छापले आहे काय? तसे असेल तर ती माणसाच्या अंगात टोचण्यासाठी नाही, असे विकणाऱ्यानेच लिहून दिले आहे!

एकाही प्रश्नाचे उत्तर असमाधानकारक असेल, तर ती सुई घेऊ नये.

घेऊन झाले असेल तर

घाबरू नये, परंतु लपवूही नये. घाम, थरकाप, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीत असेल तर त्याला साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. न थांबणाऱ्या उलट्या किंवा पोटातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ असेल तर त्वरित रुग्णालय गाठावे. कुपी, खोके, सिरिंज फेकून न देता सोबत न्यावे आणि डॉक्टरांना सर्व खरे सांगावे. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. बनावट औषधाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

शेवटी एक विनंती. त्या मुलीला सुईने जेवढे छळले, त्याहून अधिक लोकांच्या बोलण्याने छळले होते. लग्नघरात, बसथांब्यावर, कॉलेजच्या कट्ट्यावर मुलीच्या अंगाविषयी आपण सहज जे बोलतो, त्यातूनच अशा कुप्यांना गिऱ्हाईक मिळते. विक्रेत्यांना शासन आवरील तेव्हा आवरील, आपल्या जिभेला आवर घालणे मात्र आजपासून आपल्या हाती आहे. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी कुपी आलीच असेल, तर ती टोचण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. एवढे घडले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.