दोन ग्रेडच्या मधलं वर्ष

"कितवी ग्रेड चालू आहे?" मूल पियानो शिकतंय हे कळलं की सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या गेटपाशी हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. गांधर्वच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या आपल्याला आज्यांच्या वेळेपासून पाठ आहेत. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आपण स्वतः बसलो आहोत. तेव्हा ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांची ग्रेड म्हटलं की आपल्याला हायसं वाटतं. सूर-तालातलं फारसं कळलं नाही तरी पहिली, दुसरी, तिसरी हे सगळ्यांना कळतं.

मी स्वतः मुलांना या परीक्षांना बसवते, आणि पुढेही बसवीन. परीक्षेची तारीख समोर असली की हात कामाला लागतात, हे मोठ्यांच्या बाबतीतही खरं आहे. माझं सांगणं एवढंच, की एक ग्रेड झाली की निकालाच्या दिवशीच पुढच्या ग्रेडचं पुस्तक विकत आणू नका. मधे एक वर्ष जाऊ द्या. वर्ष जड वाटत असेल तर सहा महिने तरी. त्या काळात मुलाच्या स्टँडवर परीक्षेचं पुस्तक नको, स्टडीजचं हवं. हे म्हटलं की पालकांच्या चेहऱ्यावर 'म्हणजे वर्ष फुकट?' असं स्पष्ट उमटतं. त्याच चेहऱ्यांसाठी हे हितगुज.

आधी परीक्षेचा हिशेब पाहू. एबीआरएसएमची प्रॅक्टिकल ग्रेड 150 गुणांची असते. तीन पीसेस, प्रत्येकी 30. स्केल्सना 21, न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवण्याला, म्हणजे साइट रीडिंगला 21, आणि कानाच्या परीक्षेला 18. पास व्हायला 100 लागतात. तिन्ही पीसेसना पैकीच्या पैकी पडले तरी बेरीज 90 होते! परीक्षेची रचनाच अशी आहे, की नुसते तीन पीस घोटून कुणी पार होऊ नये. 2020पासून त्यांनी परफॉर्मन्स ग्रेड्सही सुरू केल्या. त्यात चार पीसेस वाजवून व्हिडिओ पाठवायचा, स्केल्स नाहीत, साइट रीडिंग नाही. लॉकडाऊनमध्ये ती मोठीच सोय झाली. पण अंधेरी ते बोरिवलीपर्यंतच्या घाईत असलेल्या घरांना त्यामुळे एक नवीन पळवाट मिळाली, असं माझं मत आहे. वर्षभर चार पीस, रोज तेच चार, आणि वर्षाअखेर प्रमाणपत्र.

अशा मुलाच्या घरी काय होतं, हे तुम्हीच मला सांगता. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या आईलासुद्धा तो पीस पाठ झालेला असतो. आता तिसऱ्या ओळीत अडखळणार, हे तिला आधीच कळतं. मूल कागदाकडे पाहतच नाही, बोटांना सवय झालेली असते आणि ती आपली चालत राहतात. मग पाचवी ग्रेड मेरिटने पास झालेल्या मुलासमोर मी पहिल्या ग्रेडच्या तोडीची, त्याने कधी न पाहिलेली दोन ओळींची धून ठेवते. पाच वर्षांचं मूल अक्षरं लावत दुकानाची पाटी वाचतं, तसं ते एकेक स्वर शोधू लागतं. पालक चकित होतात. मूल चकित होत नाही, त्याला हे आधीपासून माहीत असतं.

स्टडी म्हणजे काय, हे गाणं शिकलेल्या घराला एका वाक्यात समजतं. पलटे. सारेग, रेगम, गमप. गळ्याला जे पलटे, तेच बोटांना स्टडी. फरक एवढाच की पियानोतल्या बहुतेक स्टडीज कुणी तरी संगीतकाराने बसून रचलेल्या असतात, दोन्ही हातांसाठी, आणि प्रत्येकीत एकच अडचण सोडवायला दिलेली असते. कधी अंगठा दुसऱ्या बोटांखालून न्यायचा, कधी एक हात सलग आणि दुसरा तुटक वाजवायचा, कधी डाव्या हाताला मुख्य काम द्यायचं.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव कार्ल चेर्नी. जन्म 1791, व्हिएन्ना. लहानपणी बीथोव्हेनकडे शिकला आणि पुढे पियानोवादक लिस्टला शिकवलं. म्हणजे पियानोच्या घराण्यातला मधला गुरू. त्याच्या रचनांचे ओपस क्रमांक 861पर्यंत जातात. त्यातलं ओपस 599 हे नवशिक्यांचं पुस्तक, शंभर छोट्या स्टडीज. पहिल्या काही तर इतक्या साध्या की पालकांना वाटतं, मिस पैसे कशाचे घेतात! आणि त्याच लिस्टने आपल्या अत्यंत अवघड स्टडीज, ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स, 1852मध्ये छापल्या तेव्हा त्या चेर्नीलाच अर्पण केल्या.

चेर्नी कोरडा वाटतो, हे मी नाकारत नाही. मुलांची ही तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे. फ्रेंच संगीतकार सॅं-सान्स याने 1886मध्ये 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स' लिहिलं. त्यात सिंह, कासव, हत्ती, कांगारू यांच्या रांगेत एक प्राणी आहे, 'पियानिस्ट'. आणि तो काय करतो, तर स्केल्स घोटत बसतो. मुलाला हे एकदा ऐकवा, पोट धरून हसेल. आणि मग पुन्हा स्केलकडे वळेल, निदान त्या दिवसापुरतं.

पण तक्रारीवरचा खरा उतारा बुर्गम्युलरकडे आहे. फ्रीडरिश बुर्गम्युलर, जन्माने जर्मन, आयुष्य पॅरिसमध्ये. त्याच्या 25 सोप्या स्टडीज, ओपस 100, 1851मध्ये निघाल्या. प्रत्येकीला नाव आहे, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. इथे पलटा बंदिशीत मुरवून दिलेला आहे, मुलाला कळतही नाही की आपण रियाज करतोय. यातली दुसरी स्टडी, 'अरबेस्क', जरा जवळून पाहा. सुरुवातीला डावा हात छोटे, उडते कॉर्ड्स देतो, आणि उजवा हात पटकन पाच स्वरांची एक उसळी घेतो. मग जरा वरून तीच उसळी, मग आणखी वरून. आठ-नऊ वर्षांची मुलं यावर फिदा असतात, कारण आपण भराभर वाजवतोय असं त्यांना वाटतं. मधल्या भागात मात्र बुर्गम्युलर चलाखी करतो. तीच धावाधाव डाव्या हाताला देतो. आणि इथे घराघरांत गाडी थांबते. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आयुष्यात प्रथमच काम करत असतात. मूल चिडतं, "येतच नाही" म्हणतं. इथे माझ्याकडचा उपाय साधा आहे. तेवढाच भाग, फक्त डावा हात, निम्म्या वेगात, आठवडाभर. परीक्षेच्या वर्षात हा आठवडा मला मिळत नाही, तारीख मानगुटीवर असते. मधल्या वर्षात मिळतो. पुढे पंधराव्या स्टडीत, 'बॅलाड'मध्ये, डाव्या हाताला पुन्हा धावावं लागतं, तेव्हा ते मूल थबकत नाही.

आणखी एक पुस्तक, ज्याची आपल्या घरांशी विशेष सोयरीक जुळते. हंगेरीच्या बेला बार्टोकचं 'मिक्रोकॉसमॉस'. 153 तुकडे, सहा भाग, पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पीटरला, अर्पण केले. सुरुवातीच्या सहा तुकड्यांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात, एक वरच्या सप्तकात, एक खालच्या. कॉर्ड्स नाहीत, काही नाही. भजन, भावगीत, बालगीत ऐकत वाढलेल्या मुलाचा कान एकाच चालीमागे जायला सरावलेला असतो. त्याला पहिल्याच दिवशी कॉर्ड्सची गर्दी देण्यापेक्षा हे फार जवळचं वाटतं. पुढे त्यात एक तुकडा डोरियन मोडमध्ये आहे, एक फ्रिजियनमध्ये. घरात गाणं समजणारे आजोबा असतील तर त्यांना बोलवा आणि ऐकवा. डोरियनमध्ये त्यांना काफी थाट सापडेल, फ्रिजियनमध्ये भैरवी. राग नव्हे, नुसते स्वर. पण एकाच तुकड्यावर आजोबा आणि नात पंधरा मिनिटं बोलतात, हे मी पाहिलेलं आहे, आणि त्या दिवशी माझ्या शिकवण्याची गरज उरत नाही.

आता आजोबांचा विषय निघालाच आहे तर पेटीचंही सांगते. मुलुंड, ठाण्याकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर पेटी असते. ती काढा, जरूर वाजवा. लय, स्वरांचा कान, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळख, सगळ्याला ती उपयोगी आहे. पण पेटीवर आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे, पट्टी कशीही दाबा. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते, आणि ती किती वेगाने पडावी हे तुमचं बोट ठरवतं. म्हणून पेटीवरचं सपाट बोट पियानोवर आणलं की सगळं एकाच आवाजात, ठोकळेबाज येतं. आजोबांनी लय जरूर सांभाळावी, बोटं मात्र मिसवर सोडावीत.

हीच गोष्ट 61 पट्ट्यांच्या कीबोर्डची. लिटिल चॅम्प्समध्ये सत्यजित प्रभूंना कीबोर्डवर साथ करताना पाहून कितीतरी घरांत कीबोर्ड आला, आणि ते वाद्य आपल्या जागी उत्तमच आहे. ट्रिनिटीची त्याची वेगळी परीक्षाही असते. पण पियानोच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला हलक्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं ठेवू नका. परीक्षेच्या खोलीत खऱ्या पियानोच्या पट्ट्या त्याला दगडासारख्या लागतात आणि ते बिचारं घाबरतं. 88 पट्ट्यांचा, वेटेड कीज असलेला डिजिटल पियानो आपल्या टू बीएचकेला पुरेसा आहे. हेडफोन लावता येतो, दुपारी दोन ते चार सोसायटीची शांतता मोडत नाही. लाकडी पियानो घ्यायचाच असेल तर आनंद आहे, पण आपला पावसाळा लक्षात घ्या. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर हलतात, आणि ट्यूनरला घरी बोलावणं हा दरवर्षीचा खर्च आहे.

"पण वाचता येऊन करायचं काय, तिला थोडंच ऑर्केस्ट्रात जायचंय?" असं एका बाबांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी याच शहराकडे पाहावं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणी नोटेशन शिकलेली मुलं पुढे मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाचं संगीत त्यांच्या हातांनी उभं राहिलं. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांच्या अरेंजमेंट्स लिहिल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, 'अमर अकबर अँथनी'मधलं नाव तिथूनच आलं. त्या वादकांसमोर स्टुडिओत ताजा लिहिलेला कागद यायचा, थोडी तालीम, की रेकॉर्डिंग. पोट त्यावर चालायचं. आपल्या मुलीचं पोट त्यावर चालणार नाही, कबूल. पण वाचता येणारी मुलगी पंचविसाव्या वर्षी, क्लास सुटून दहा वर्षं झाल्यावरही, दुकानातून एखादं पुस्तक आणून एकटी बसून वाजवू शकते. तीन पीस पाठ असलेल्या मुलीला दोन वर्षांत ते तिन्ही विसरायला होतात.

तर या मधल्या वर्षात घरी तुम्ही काय करायचं? फार नाही. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. शक्यतो क्लासहून आल्या आल्या नको. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला क्लासला येणारी मुलं घरी पोचेपर्यंत गळलेली असतात. त्या वीस मिनिटांत टीव्ही बंद. कुकरच्या शिट्ट्या चालतील, मुलं त्यांच्यासकट वाजवायला शिकतात. स्वयंपाकघरातून "चुकलं!" असं ओरडू नका. चुकलं हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. टेबलावर ठेका धरू नका, तुमचा ठेका बहुधा पळतो, त्यासाठी मेट्रोनोम आहे. पाहुण्यांसमोर 'हॅपी बर्थडे' वाजवायला सांगू नका. सांगायचंच असेल तर या आठवड्याची स्टडी वाजवायला सांगा, अर्धवट असली तरी. आठवड्यातून एकदा शेजारी बसा आणि विचारा, "ही कशासाठी आहे?" मुलाला उत्तर देता आलं, "डाव्या हाताच्या करंगळीसाठी," तर क्लासमध्ये काम नीट चाललंय. देता आलं नाही, तर मला फोन करा, चूक माझीही असू शकते.

क्लासच्या मिस किंवा सर तुम्हीच निवडलेले आहेत. त्यांनाही मोकळेपणी सांगा, की आम्हाला पुढच्या फॉर्मची घाई नाही. कितीतरी शिक्षक पालक दुखावतील, क्लास बदलतील, या भीतीने मुलांना ग्रेडमागून ग्रेड बसवत राहतात. तुमच्या तोंडून हे वाक्य आलं की त्यांचाही जीव भांड्यात पडतो. सहाव्या ग्रेडला बसायचं असेल तर एबीआरएसएममध्ये आधी साधारणपणे पाचवी थिअरी द्यावी लागते. ती थिअरी या मधल्या वर्षात आरामात होते, दहावीच्या वर्षात डोकं पिकवत नाही.

बसण्याची उंचीही आजच पाहून घ्या. प्लास्टिकचं स्टूल बुटकं असतं, कोपर पट्ट्यांच्या खाली जातं आणि मनगट दुखतं. खाली पाय लोंबकळत असतील तर पायाखाली एखादा लाकडी पाट द्या. आणि नखं. दर रविवारी, अंघोळीनंतर, दोन्ही हातांची.