लळा तुटलेलें मूल

‘लळा’ हा शब्द आमच्या भाषेंत जितका गोड तितकाच नेमका आहे. मुलाला आईचा लळा लागतो, आजीचा लागतो, गोठ्यांतल्या वासराचाही लागतो. लळा शिकवितां येत नाहीं. तो लागावा लागतो. आणि जो लागतो तो तुटूंही शकतो. तुटला म्हणजे मूल केवळ दुःखी होतें असें नाहीं. पुष्कळदां तें द्वाड होतें. खोटें बोलतें, चोरून खातें, चावतें, ओरबाडतें, जवळ घ्यावें तर ढकलून देतें. अशा मुलाचे पालक शाळेंत येऊन म्हणतात कीं, आम्ही एवढें प्रेम करतों, परंतु याला त्याचें कांहींच नाहीं. उलट दिवसेंदिवस हा बिघडतच चालला आहे. या तक्रारीचा थोडा खोल विचार करावा असें आम्हांस वाटतें.

या प्रश्नाचें फार जवळून निरीक्षण झालें तें इंग्लंडांत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं. सप्टेंबर १९३९ मध्यें बाँबहल्ल्याच्या भीतीनें लंडन व इतर शहरांतून सुमारें पंधरा लक्ष लोकांस खेडोपाडीं हलविण्यांत आलें. त्यांत पुष्कळशीं शाळकरी मुलें आईबापांवांचून गेलीं. पुढें १९४१ सालीं अ‍ॅना फ्रॉइड (मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या) व त्यांच्या सहकारी डॉरोथी बर्लिंगहॅम यांनीं लंडनच्या हॅम्पस्टेड भागांत युद्धानें विस्कटलेल्या कुटुंबांतील मुलांसाठीं शिशुगृहें उघडलीं. खाणेंपिणें, स्वच्छता, औषधपाणी यांत काळजी घेतली जाई, आणि आईला केव्हांही येऊन मुलाला भेटण्याची मोकळीक होती. तेथें एक चांगली शिस्तही होती. जो तो सेवक मुलांविषयीं जें दिसेल तें कार्डावर टिपून ठेवी. त्यांतून बंबाची भट्टी सांभाळणारा तरुणही सुटला नव्हता. त्या तरुणाचें नांव जेम्स रॉबर्टसन. रुग्णालयांत एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे हाल त्यानेंच पुढें १९५२ सालीं चित्रपट घेऊन जगाला दाखविले.

त्या टिपणांतील एका तीन वर्षांच्या मुलाची हकीकत वाचून मन कळवळतें. शहाण्यासारखा राहा, रडूं नकोस, नाहींतर आई भेटायला येणार नाहीं, असें त्याला बजावण्यांत आलें होतें. मुलगा वचनाला जागला. कोणी त्याच्याकडे पाहिलें कीं तो मान हालवून सांगे कीं आई येणार आहे, आपल्याला कोट घालणार आहे आणि घरीं नेणार आहे. दिवसामागून दिवस तेंच पालुपद. अखेर कोणी तरी त्याला, आतां हें पुरे कर, असें सांगितलें. तेव्हां त्यानें शब्द टाकले. इतर मुलें खेळत असतां तो कोपऱ्यांत उभा राही, नसलेला कोट अंगावर चढवी, त्याची नसलेली चेन वर ओढी, आणि नुसते ओठ हालवी.

ही धमकी इंग्लंडांतच दिली जाते असें नाहीं. आमच्या एस. टी. स्थानकांवर आणि वसतिगृहांच्या दारांत ती नित्य ऐकूं येते. ती देणारी आई दुष्ट नसते. रडणाऱ्या मुलाला सोडून जाणें तिलाच असह्य होत असतें. परंतु मूल त्यावरून एवढेंच शिकतें कीं आईचें येणें आपल्या वागण्यावर अवलंबून आहे, आणि ती आली नाहीं म्हणजे दोष आपला.

हॅम्पस्टेडच्या शिशुगृहांत आरंभीं सर्व दाया सर्व मुलांचें सर्व कांहीं पाहत. पुढें चालकांनीं व्यवस्था बदलली. सुमारें चार मुलांमागें एक बाई, अशीं लहान लहान ‘कुटुंबें’ केलीं. न्हाऊ घालणें, कपडे करणें, समजूत काढणें हें त्या एकीनेंच करावयाचें. आतां मुलें सुखी होतील अशी कोणाचीही कल्पना झाली असती. झालें भलतेंच. जीं मुलें कालपर्यंत शांत होतीं तीं आपल्या बाईला चिकटून बसूं लागलीं, ती क्षणभर खोलीबाहेर गेली कीं आकांत करूं लागलीं, दुसऱ्या मुलाला तिच्या मांडीवर पाहून त्याला मारूं लागलीं. दोनतीन आठवडे असा गोंधळ चालला. मग तो ओसरला, आणि बोलणें, स्वच्छतेच्या सवयी, खेळ या सर्वांत मुलें भराभर पुढें गेलीं.

आमच्या मतें या सर्व विषयाची किल्ली येथें आहे. ज्याच्यापाशीं गमावण्यासारखें कांहीं नाहीं तें मूल पुष्कळदां निमूट असतें. लळा लागूं लागला कीं तो तुटण्याची भीतीही त्याबरोबर जन्माला येते, आणि मग तें मूल आपल्या परीनें पारख करूं लागतें: मी इतका वाईट वागलों तरी ही बाई राहील काय? जो द्वाडपणा प्रेमानंतर वाढला म्हणून पालक निराश होतात, तो पुष्कळदां प्रेम पोंचल्याचीच खूण असतो.

लळा केवळ आईशींच जडतो असेंही नाहीं. ऑक्टोबर १९४५ मध्यें टेरेझीन येथील नाझी छावणींतून सुटलेलीं सहा मुलें इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत एका घरीं आणण्यांत आलीं. वय तीनचार वर्षें. आईबाप तान्हेपणींच गेलेले. वाढलीं तीं या हातांतून त्या हातांत. आल्या आल्या त्यांनीं खेळणीं मोडलीं, लांकडी सामानाची नासधूस केली. मोठ्या माणसांवर तीं थुंकत, त्यांना चावत. परंतु आपसांत? एकाला सोडून दुसरें हलत नसे. खाऊ वाटतांना आधीं भावंडाला मिळाला कीं नाहीं हें पाहावयाचें, मग स्वतः खावयाचें. रक्ताचें नातें नसलेल्या त्या सहांनीं एकमेकांनाच आईबाप केलें होतें. सांभाळणाऱ्या भगिनींनीं ती जूट फोडण्याचा हट्ट धरिला नाहीं, आणि हळूहळू त्या मुलांच्या जगांत मोठ्यांनाही जागा मिळाली.

लंडनचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनीं १९४४ सालीं ४४ चोरट्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १४ मुलें कोणाविषयींच माया नसलेलीं अशीं दिसलीं, आणि त्या १४ पैकीं १२ जणांची लहानपणीं आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. आंकडा लहान आहे. ताटातूट झालेलें प्रत्येक मूल चोर होतें असा अर्थ कोणीं काढूं नये. मग उशीर झाला म्हणजे सारें संपलें काय? रुमानियांत १९८९ सालीं चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तेथील अनाथगृहांची भीषण दशा जगापुढें आली. पुढें बुखारेस्ट येथें १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्मीं मुलें चिठ्ठी पडेल त्याप्रमाणें कुटुंबांत ठेविलीं. जीं दुसरें वर्ष पुरें होण्यापूर्वीं गेलीं त्यांना लळा अधिक चांगला लागला. उशिरां गेलेल्यांनाही लाभ झाला, मात्र वाट लांबली.

आतां आपल्या घरांकडे वळूं. कोणाकडे बहिणीच्या पश्चात् तिचें मूल आलेलें असतें, कोठें सावत्र आई असते, कोठें दत्तक मूल. (आमच्या ख्रिस्ती समाजांत पूर्वीं १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे, आतां २०१५ च्या बालन्याय कायद्यानें कोणत्याही धर्माच्या दांपत्यास रीतसर दत्तक घेतां येतें.) असें मूल उशीखालीं पोळी लपवून ठेवतें. ती चोरी समजून मारूं नये. ज्यानें उपास काढले त्याला उद्यांच्या जेवणाचा भरंवसा नसतो. शेंगदाणे, चुरमुरे, लाडू यांचा एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवावा व तो रिकामा होऊं देऊं नये. दुसरें एखादें मूल कोणाच्याही मांडीवर जाऊन बसतें, आणि पाहुणे त्याला माणसाळू म्हणून वाखाणतात. नव्या घरांत आलेलें मूल सर्वांना सारखेंच बिलगतें, तेव्हां घरच्यांनीं सावध व्हावें. त्याला अजून ‘आपलें माणूस’ सांपडलेलें नाहीं.

घराबाहेर जातांना मुलाचें लक्ष दुसरीकडे वळवून गुपचूप निसटण्याची जी रीत आहे ती सोडावी. सांगून जावें; तें रडेल, रडूं द्यावें; आणि सांगितलेल्या वेळीं परत यावें. शिस्त नको असें आम्ही म्हणत नाहीं. मारणारा हात धरलाच पाहिजे, मोडलेली वस्तु त्याच्याच मदतीनें सांधून घेतली पाहिजे. परंतु खोलींत कोंडणें, दाराबाहेर काढणें, आणि ‘परत अनाथाश्रमांत धाडीन’ हें वाक्य, या तिन्हींनीं तें मूल ज्या भीतीनें वेडेंवांकडें वागतें तीच भीती खरी ठरते. त्याला शांत होण्यासाठीं बाजूस बसवावयाचें तर आपणही जवळ बसावें, न बोलतां. वर्गाबाहेर उभें करण्याची शिक्षा अशा मुलाला लागू पडते कीं काय, हें आम्हां शिक्षकांनींही पाहावें.

हें सर्व एकट्या आईच्यानें होत नाहीं. रात्रीं तीनदां उठणारी, दिवसां चावे सोसणारी बाई थकते, चिडते, आणि वर नातलगांचीं बोलणीं खाते. तिला दुपारीं दोन घटका झोप मिळेल अशी व्यवस्था करणें हें मुलावरच उपकार करण्यासारखें आहे. बालमानसाच्या वैद्याचा सल्ला घेण्यांतही कमीपणा नाहीं. मुंबईंत टाटांच्या समाजसेवा विद्यालयानें असें बालमार्गदर्शन केंद्र १९३७ सालींच काढलें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, वसतिगृहांत जूनमध्यें नवीं मुलें येतील. त्यांतला एखादा पहिल्या पंधरवड्यांत तुमची पेटी उघडील, कारणावांचून भांडेल. त्याची तक्रार अवश्य करा, पण जेवतांना त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवूं नका. आणि पालकहो, मुलाला ठेवून जातांना पुन्हा कधीं येणार तो दिवस त्याच्या समक्ष भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत खूण करून दाखवा. त्या दिवशीं येणें अशक्य झालें तर आदल्या दिवशींच फोन करून तें स्वतः त्याला सांगा, आणि नवी तारीख त्याच्याच हातानें लिहूं द्या.