औषध मारलं आणि कीड वाढली!

शेतकऱ्याच्या घरातून होस्टेलवर आलेले आपण बरेच जण आहोत. "फवारलं की चार दिवस बरं वाटतं, मग पहिल्यापेक्षा जास्त कीड" हे रडगाणं अनेकांनी घरी ऐकलं असेल. दुकानदार म्हणतो डोस वाढवा, आणि उधारीही वाढते. असं का होतं याचा धागा आपण एम-थ्रीला घोकतो त्या डिफरन्शिअल इक्वेशनमध्ये सापडतो. गंमत म्हणजे तो पहिल्यांदा शेतात नाही, समुद्रात सापडला.

इटलीजवळच्या एड्रियाटिक समुद्रात पहिल्या महायुद्धामुळे मासेमारी खूप कमी झाली होती. उंबेर्तो दांकोना हा प्राणिशास्त्रज्ञ फिउमे बंदराच्या (आजचं क्रोएशियातलं रिएका) बाजारातले आकडे तपासत होता. मुशी, पाकट अशा भक्षक माशांचं प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होतं, ते १९१८ मध्ये ३६.४ टक्के झालं. युद्ध संपलं, होड्या परत समुद्रात गेल्या आणि १९२३ पर्यंत आकडा १०.७ वर आला. मासेमारी थांबल्यावर सगळेच मासे वाढायला हवेत ना? मग फायदा भक्षकांनाच जास्त का? त्याने हा प्रश्न आपल्या सासऱ्यांपुढे ठेवला. सासरे म्हणजे गणितज्ञ वितो वोल्तेरा. (मुसोलिनीच्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून १९३१ मध्ये प्राध्यापकी गमावलेले हेच ते. नुसतं गणितच ताठ नव्हतं!) वोल्तेरांनी १९२६ मध्ये उत्तर छापलं. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी स्वतंत्रपणे तीच समीकरणं १९२५ मध्ये मांडली होती, म्हणून नाव दोघांचं.

समीकरणं दोनच आहेत, घाबरू नका.

छोट्या माशांच्या वाढीचा दर = (अ × मासे) − (ब × मासे × मुशी)
मुशींच्या वाढीचा दर = (ड × मासे × मुशी) − (क × मुशी)

म्हणजे काय, तर मुशी नसतील तर मासे भराभर वाढतात, आणि मासे नसतील तर मुशी उपाशी मरतात. गुणाकार आहे तो दोघांच्या गाठीभेटींचा. मासे वाढले की थोड्या वेळाने मुशी वाढतात, त्या माशांना खाऊन संपवत आणतात, मग स्वतः उपाशी पडतात, आणि मासे परत वाढतात. दोन साइन वेव्हमध्ये फेज लॅग असावा तसा हा प्रकार चालतो. पण एका पूर्ण चक्राची सरासरी काढली तर ती स्थिर येते: मासे = क ÷ ड, मुशी = अ ÷ ब. नीट बघा, माशांची सरासरी माशांच्या स्वतःच्या वाढीवर नाही, तर मुशींच्या आकड्यांवर ठरते!

आता दोघांनाही सारख्या दराने मारणारं जाळं टाका. त्याचा दर म धरा. अ चा झाला (अ − म) आणि क चा झाला (क + म). म्हणजे मुशींची सरासरी कमी झाली आणि माशांची चक्क वाढली. भक्षकाला फटका दोन बाजूंनी बसतो, जाळ्याचा वेगळा आणि अन्न कमी झाल्याचा वेगळा. भक्ष्याचं मात्र मरण आणि शत्रूपासून सुटका एकाच वेळी होते. फक्त मासेच मारले तरी माशांची सरासरी हलत नाही, कमी होतात मुशीच. करून बघा.

जाळ्याच्या जागी फवारा ठेवला की आपण शेतात आलो.

कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबूच्या बागांत ऑस्ट्रेलियातून एक खवले कीड शिरली होती. १८८८-८९ मध्ये तिच्याच देशातला ढालकिडा आणून सोडला आणि कीड आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात त्या बागांत डीडीटी आलं. ढालकिडे मेले आणि दबलेली कीड परत उसळली.

इंडोनेशियात हेच भातावर झालं. तपकिरी तुडतुडे आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या धानालाही लागतात. बांधीत मध्येच गोल चट्टा करपलेला दिसतो, तो यांचाच. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती पानाच्या आवरणाच्या आत. फवारा आत पोचत नाही. बाहेर फिरणारे कोळी मात्र मरतात, आणि पिल्लं निघतात तेव्हा रान मोकळं असतं. तिथलं सरकार औषधांवर भरपूर सबसिडी देत होतं, त्यामुळे फवारणीला धरबंध नव्हता. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी आली, पुढच्या काही वर्षांत सबसिडीही काढली आणि शेतकऱ्यांना बांधावर जाऊन मित्रकीटक ओळखायला शिकवलं. भाताचं उत्पादन घसरलं नाही.

अर्थात मॉडेल म्हणजे शेत नव्हे. यात मासे जागा-अन्नाची मर्यादा न पाळता वाढतात, आणि गणितात ०.००३ मुशी उरली तरी ती पुन्हा वंश वाढवते! बाजारातली टक्केवारी म्हणजे समुद्रातली खानेसुमारीही नव्हे. आणि फवारणी कधीच करू नये असं यातून निघत नाही. मित्रकीटक आधीच संपलेले असतील तर ऐन पिकात दुसरा उपाय नसतो. पण सुट्टीत घरी जाल तेव्हा पंप भरण्याआधी धानाचा चूड बाजूला सारून बुंध्याशी तुडतुडे मोजा, आणि त्यांच्याबरोबर कोळीही मोजा. दुसरा आकडा सहसा कुणी विचारत नाही.

ज्यांना कॉम्प्युटरवर खेळायचंय त्यांच्यासाठी आकडे देतो. अ = १, ब = ०.१, क = ०.५, ड = ०.०२ घ्या. सरासरी मासे २५, मुशी १० येतील. आता म = ०.२ करा. मासे ३५, मुशी ८. साधी ऑयलर पद्धत वापरलीत तर आलेखातलं वर्तुळ बंद न होता बाहेर बाहेर पसरत जाईल. तो दोष मुशींचा नाही, पद्धतीचा आहे. चौथ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टा वापरा.